कंट्रोलचे तास

सोमवार, ९ फेब्रुवारी

ओट्याचे पाय गेल्या आठवड्यात कापले, आज ठोकळे लावून परत वाढवले! आधी उंच होता म्हणून ओरडा, आता बुटका झाला म्हणून ओरडा. चाकाची खुर्ची आत जाते पण गुडघे अडकतात म्हणे. "काका, पाय कापण्याआधी विचार करावा. परत उगवत नाहीत, माझा अनुभव आहे." असलं काही बोलते आणि वर माझ्याकडे बघत बसते, हसतोय का ते. कसा हसणार? तोंडात स्क्रू धरलेले!

खरं नाव तिचं आता कोणी घेत नाही. टॅक्सीवाले तिला 'कंट्रोल' म्हणतात, म्हणून आम्हीही. कानाला ते फोनचं यंत्र लावून खोलीत बसते आणि गावभरच्या गाड्या हाकते — तू स्टेशनला जा, तू दवाखान्यात जा, तू आधी चहा संपव मग बोल. एकोणिसाव्या वर्षी अपघात झाला. कमरेखालचं सगळं गेलं, बोटंही मिटत नाहीत. खांदे शाबूत आहेत आणि जीभ दोन माणसांची.

तीन महिन्यांच्या बोलीवर अपंगांच्या संस्थेतून बाहेर आलीय. स्वतःची भाड्याची खोली, तळमजला. मार्चअखेरीपर्यंत सरकारी ऑफिसनं मदतनिसाचे तास मंजूर केले — सकाळी उठवणं, अंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं, रात्री परत बिछान्यावर — तर ती इथे राहील. नाही तर सामान बांधून परत संस्थेत. जिथे संध्याकाळी सातला दिवे घालवतात आणि फोन वॉर्डनच्या कपाटात राहतो. म्हणजे नोकरीही गेलीच.

तोवर आमच्या गावच्या अपंग मंडळानं आपली एक बाई दिलीय सकाळ-रात्रीला. मार्चनंतर मंडळालाही ते झेपणार नाही.

आणि मी? मला मंडळानं फक्त दारातल्या उताराच्या फळीसाठी बोलावलं होतं. तो उतार झाला कधीच. मी मात्र तिथेच आहे!

घरी आमची ही म्हणते, "स्वतःच्या न्हाणीघराचं दार दोन वर्षं खाली घासतंय, ते नाही दिसत." दिसतं. ऐकूही येतं.


बुधवार, ११ फेब्रुवारी

आज परत स्कूटर उतारावर! शेजारच्या खोलीतला तो स्कूटरवाला. "पाचच मिनिटं काका, सावली आहे ना इथे." म्हटलं, सावली तुझ्या स्कूटरला आणि उन्हात ती? "त्या कुठे बाहेर जातात एवढ्या!" — जाणार कशी रे शहाण्या, तू दारात स्कूटर लावून ठेवल्यावर?

दीड तास ती दुकानात जायची खोळंबली होती. मी ढकलली स्कूटर. पाठीत उसण भरली. त्यानं वर मलाच विचारलं, "ओरखडा तर नाही ना पडला?"


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

तिचा थोरला भाऊ आला होता. वाईट माणूस नाही. पण बोलायला लागला की माझं डोकं तापतं. तिच्याशी बोलत नाही, तिच्यासमोर माझ्याशी बोलतो! "काका, तुम्ही वडीलधारे, तुम्ही समजवा तिला. तिथे सगळं वेळच्या वेळी होतं. जेवण वेळेवर, झोप वेळेवर."

कंट्रोल फोनवर होती. यंत्रावर हात ठेवून म्हणाली, "कोणाच्या वेळेवर, दादा?" आणि परत फोनवर.

तो मला बाहेर चहाला घेऊन गेला. म्हणे, तुम्ही तिच्या डोक्यात भरवता. उद्या रात्री पडली तर? मी म्हटलं, संस्थेत पडत नव्हती का? दोनदा पडली, एकदा तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "तिथे पडली तर दोष त्यांचा असतो हो."

खरं बोलला, एवढंच. मी चहाचे पैसे दिले आणि घरी आलो.


सोमवार, १६ फेब्रुवारी

शुक्रवारी ऑफिसातून तपासणीला बाई येणार! तिला एकटीनं राहायला जमतंय का, हे बघणार आणि तास ठरवणार.

झालं, आमची धांदल सुरू. लग्नघर परवडलं! हिनं नवे पडदे शिवायला घेतले. "उगाच नसती उठाठेव" म्हणणारी हीच बरं का! मी आकड्याची काठी लांब केली — ती मनगटाला अडकवून फडताळातून डबा ओढता येतो. डब्यांची झाकणं कानशीनं घासून सैल केली. नळाला लांब दांडा बसवला, कोपरानं उघडतो. पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी — सरकफळी म्हणतो आम्ही — तिला मेण लावलं. आता अशी सरकते की सांभाळून राहावं लागतं.

चहाची तालीम चाललीय. पहिला उतू गेला. दुसरा निम्मा मांडीवर. तिला मांडीला कळत नाही, म्हणून आम्हीच घाबरलो. तिसरा बरा होता. साखर विसरली, पण मी काही बोललो नाही.


शुक्रवार, २० फेब्रुवारी

जिंकलो! असा दिवस कितीतरी वर्षांत गेला नव्हता!

मंडळाची बाई आज पहाटेच तिच्याकडे गेली, अंघोळ-वेणीफणी सगळं उरकून तिला खुर्चीत बसवून ठेवलं. खोली आरशासारखी. तपासणीच्या बाई आल्या तेव्हा कंट्रोल इस्त्रीचे कपडे घालून, कानाला यंत्र लावून तीन टॅक्सीवाल्यांना एकदम झापत होती. बाई बघतच राहिल्या! जेमतेम पस्तिशीच्या असतील. चष्मा, पाठीवर पिशवी, बोलायला गोड. प्रत्येक वस्तूला हात लावून बघितला. नळाचा दांडा, काठी, सरकफळी. "हे कोणी केलं?" मी आपला दारात उभा. हिनं मला कोपरानं ढोसलं, तेव्हा म्हटलं, मीच.

मग चहा. स्वतः केला! साखरसुद्धा घातली! बाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "इतकं छान जमतंय की तुम्हाला सगळं!" कंट्रोलचा चेहरा असा फुलला —

येता येता मंडळात गेलो, तिथल्या सेक्रेटरीला सांगायला. तो सकाळी दुसऱ्या गावाला होता म्हणून तपासणीला हजर नव्हता. जन्मापासून दिसत नाही त्याला. पण समोरच्याच्या मनातलं आधी ओळखतो. मी सगळं रंगवून सांगितलं.

"चहा कोणी केला?"
तिनंच!
"आणि अंघोळ?"
ती आधीच उरकली होती ना. पाहुण्या येणार म्हणून.
"कपडे?"
तेही.
"पलंगावरून खुर्चीत कशी आली, हे बाईंनी पाहिलं?"
कसं बघतील, ती आधीच बसली होती!

टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाला, "काका, तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला बुडवलंत."

चिडलोच मी. उठून आलो. चांगलं झालेलं बघवत नाही काही लोकांना.


शनिवार, २१ फेब्रुवारी

झोप लागली नाही धड. सकाळी हिला विचारलं, बुडवलं म्हणजे काय गं? ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही त्या बाईंच्या जागी असतात, तर मदतनीस दिला असतात? सगळं तर होतंय तिचं."

ही पण कालच्या पडद्यांसकट त्यातच होती! पण बोलून काय उपयोग.


मंगळवार, ३ मार्च

निकाल आला. कंट्रोलनं फोनवर वाचून दाखवला, टॅक्सीचा पत्ता सांगावा तशा सुरात. 'अर्जदार दैनंदिन कामे स्वतः करण्यास सक्षम. घरात आवश्यक सोयी उत्तम. जवळच राहणारे एक ज्येष्ठ गृहस्थ रोज येऊन लक्ष ठेवतात. सबब मदतनिसाच्या तासांची गरज दिसून येत नाही.'

ज्येष्ठ गृहस्थ!

म्हणजे मी. माझा नळ, माझी काठी आणि मी — या तिघांनी मिळून तिचे तास खाल्ले. सक्षम म्हणे! अहो, चहा करता येतो म्हणून अंघोळ करता येते का? आणि मी अडुसष्टचा! मी तिला उचलणार? मला परवाची स्कूटर अजून उठू देत नाही!

दिवसभर काहीबाही आपटत होतो. ही शेवटी म्हणाली, "ते रंध्याचं पातं तरी आपटू नका, नवं आहे."


बुधवार, ४ मार्च

मंडळात बसलो — सेक्रेटरी, कंट्रोल, मी. फेरविचाराचा अर्ज देता येतो. त्याच बाई परत येणार, या वेळी भल्या सकाळी. पण तिथे दाखवायचं काय?

मी म्हटलं, सोपं आहे. काठी काढून टाकू, नळ जुना बसवू, कंट्रोल जरा पडून राहील, कण्हेल —

"मी कण्हणार नाही."

अशा आवाजात म्हणाली की बाहेरचा शिपाई डोकावला. "संस्थेत अठरा वर्षं कण्हले की लवकर येतात म्हणून कण्हत होते, काका. आता नाही. तास नकोत मला असले."

मग मीही चढलो. म्हटलं, आम्ही इथे मरमर करतोय आणि तुझा ताठाच संपत नाही! ती म्हणाली, कोणी सांगितली मरमर? मी म्हटलं, बरं, उद्यापासून येत नाही. सेक्रेटरी म्हणाला, "उत्तम! हेच सांगणार होतो."



त्याचं म्हणणं असं. नाटक कशाला करायचं? ऑफिसनं जो दिवस मंजूर केलाय तोच दाखवायचा. मदतनीस नाही, मंडळाची बाई नाही आणि ज्येष्ठ गृहस्थ नाही. कंट्रोलला जे जमतं ते तिनं करायचं, तिच्या गतीनं. लपवायचं नाही, वाढवायचं नाही. "करता येणं वेगळं आणि रोज करून शिवाय नोकरी करता येणं वेगळं. ते त्यांनी बसून बघावं." कंट्रोलनं मान डोलावली. हे तिला पटलं.

आणि मी? तपासणी होईपर्यंत मी तिच्याकडे फिरकायचं नाही. "काका, तुम्ही सरकारी कागदावर आधार झालात," सेक्रेटरी म्हणाला. "जितके जाल तितके तिचे तास कमी. हात आवरा आता."

निघताना कंट्रोलनं हळूच विचारलं, "काका, माझी किल्ली आहे ना तुमच्याकडे?" दिली. म्हणाली, "राग नका मानू. पण तुम्ही कधी दार वाजवत नाही. एकदा मी मोरीत होते आणि तुम्ही बिजागरीला तेल घालत होतात."

मला माहीतच नव्हतं ती आत आहे! बिजागरी करकरत होती!


गुरुवार, ५ मार्च

गेलो नाही.


शनिवार, ७ मार्च

गेलो नाही. ही म्हणते मी घरात वाघासारख्या येरझाऱ्या घालतो. न्हाणीघराचं दार काढलं, खालून रंधा मारला, परत बसवलं. दोन वर्षांचं काम अर्ध्या तासाचं निघालं. आता ही दार उघडते-लावते आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणते, "वा!"


सोमवार, ९ मार्च

भाजी आणायच्या निमित्तानं तिच्या गल्लीतून गेलो. गल्ली काही तिच्या मालकीची नाही. स्कूटर उतारावरच! हात शिवशिवत होते, पण हलवली असती तर परत 'गृहस्थ लक्ष ठेवतात' झालं असतं. भाजी न घेताच आलो. हिला कारण विचारायची गरज पडली नाही.


बुधवार, ११ मार्च

आज कळलं त्याचा राग अजून उतरलेला नाही.

काल संध्याकाळी कंट्रोल सरकफळीवर अडकली. अर्धी पलंगावर, अर्धी खुर्चीवर, फळी मधेच निसटली (मेण मीच लावलं होतं!). मंडळाची बाई यायला अवकाश होता. कानातलं यंत्र चालू होतं, तेवढंच नशीब. आणि तिनं केलं काय? मला फोन? नाही. भावाला? नाही. टॅक्सीवाल्यांना आवाज दिला — "जवळ कोण आहे? एक गिऱ्हाईक आहे. माझ्याच पत्त्यावर. गिऱ्हाईक मीच. सामान नाही, पण उचलावं लागेल."

एक दांडगा मिशीवाला आला, तिला उचलून खुर्चीत ठेवलं. मीटर पाडू का, विचारलं म्हणे. ती म्हणाली, "कंपनीच्या खात्यावर टाक."

मला हे तिनं आज मंडळात हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, मला का नाही बोलावलंस? म्हणाली, "तुम्ही बंद आहात ना सध्या!"

सेक्रेटरीला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. "आता टॅक्सीवाल्यांनाही आधार म्हणून लिहितील! त्या मिशीवाल्याला सांगा, तपासणीच्या दिवशी त्या रस्त्यानं फिरकायचं नाही."

हसले सगळे. मला हसू आलं नाही. अडकली ती किती वेळ, हे कोणी विचारलंच नाही. मी विचारलं. "होते थोडा वेळ," म्हणाली. थोडा वेळ म्हणजे किती, ते तिचा आवाज सांगत होता.


मंगळवार, १७ मार्च

उद्या सकाळी तपासणी. मी जाणार नाही. आज पाच वेळा ठरवून झालं की जाणार नाही.

भावाचा फोन. "उद्या नाही म्हणाले तर एक तारखेला मी गाडी घेऊन येतो तिला न्यायला. संस्थेत तिचा पलंग अजून रिकामा ठेवलाय त्यांनी, उपकारच म्हणायचे." मी म्हटलं, त्या पलंगावर दुसऱ्या कोणालाही आणू नका, तो पलंगच काढून टाका. फोन ठेवून दिला. उद्धटपणा झाला. उद्या माफी मागेन. किंवा नाही मागणार.


बुधवार, १८ मार्च

दुपारपर्यंत फोन नाही. मी फोनसमोर, ही माझ्यासमोर. एकदा वाजला. गॅसवाला होता. त्याला काय बोललो ते लिहीत नाही.

चारला कंट्रोलचा फोन आला. आवाज इतका दमलेला की आधी ओळखूच येईना. पण सांगितलं सगळं, जसंच्या तसं. विसरण्याआधी उतरवून ठेवतो.

बाई सकाळी आल्या. येतानाच उतारावरच्या स्कूटरला पाय अडकून हिंदकळल्या. (स्कूटरवाल्या, जन्मात पहिल्यांदा तुझा उपयोग झाला!) कंट्रोलनं पलंगावरूनच दोरी ओढून कडी काढली. बाई आत आल्या तर ती रात्रीच्या कपड्यांत, केस पिंजारलेले. बाई म्हणाल्या, मी थोड्या वेळानं येऊ का? "नको, बसा. माझी सकाळ सुरू झालीय. आता हीच बघायची आहे तुम्हाला."

आणि सुरू केलं. एका बाजूला वळायचं. मग दम. मग सरकफळी खाली घ्यायची. ती निसटते. परत. बाई आपसूक पुढे झाल्या, हात पुढे केला.

"हात लावू नका, बाई. तुमच्या कागदात हात नाही."

बाई बसल्या. मग फोनच्या यंत्रातून हाका सुरू झाल्या. टॅक्सीवाले! एक, दोन, पाठोपाठ — कंट्रोल, स्टेशनवर कोण? कंट्रोल, बोल की! कंट्रोल, झोपलीस का? यंत्र टेबलावर आणि ती अजून पलंगाच्या कडेला. बाईंना बघवेना. "अहो, मी उत्तर देऊ का निदान?" "देऊ नका. सकाळी मी कामावर नसते. तुमच्या हिशोबानं मी आत्ता तयार होतेय."

खुर्चीत पोचली तेव्हा घामानं भिजलेली. मग मोरी. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत काय काय झालं ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा ऊन पार खिडकीपर्यंत आलं होतं आणि सदऱ्याची एकच बाही अंगात होती. दुसरीसाठी खांदा वर जाईना. टॅक्सी कंपनीच्या मालकाचा फोन — आज काय सुट्टी घेतलीस का?

तेव्हा ती थांबली. बाहीशी झटापट सोडून दिली. बाईंना म्हणाली, "एवढंच. चहा विचारला असता. पण आज अंघोळ की चहा, दोन्हीतलं एकच होतं."

बाई चष्मा काढून पुसत होत्या म्हणे. मग म्हणाल्या, "हे मागच्या वेळी का नाही दाखवलंत?"

"मागच्या वेळी तुम्ही पाहुण्या होतात."

मग म्हणाली, "काका, मी कण्हले नाही. एकदाही नाही." म्हटलं, माहीत आहे.

हिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "जेवलीस का?" नव्हती जेवली. मी उठलो तर हीच म्हणाली, "बसा तुम्ही खाली! तुम्ही आधार आहात. मी नाहीये कुठल्या कागदात." आणि डबा घेऊन गेली.


सोमवार, २३ मार्च

काही नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, साहेब रजेवर.


बुधवार, २५ मार्च

साहेब अजून रजेवर. त्यांना मदतनीस द्या कोणीतरी!


शुक्रवार, २७ मार्च

मिळाले!!

सकाळचे पूर्ण, रात्रीचे थोडे कमी. रात्रीचे का कापले, देव जाणे. सेक्रेटरी लगेच दुसरा अर्ज करायच्या तयारीला लागला, त्याला आनंद करायला फुरसत नाही. पण मिळाले! तिच्या नावावर! मदतनीसही तिनंच निवडायचा, तिनंच सांगायचं, नको असेल तर तिनंच काढायचा.

भावाला मीच फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे ती येत नाही." नाही, म्हटलं. "बरं," म्हणाला. मग विचारतो, "काका, मी तिला भेटायला गेलो तर दार वाजवून जायचं असतं ना?" तिनं त्यालाही सुनावलेलं दिसतंय!

ही रडली. वर मलाच म्हणाली, तुमच्या डोळ्यांत भुसा गेलाय का?


गुरुवार, २ एप्रिल

आज रीतसर जायचं ठरवलं. दार वाजवलं. नव्या मदतनीस बाईंनी उघडलं, कमरेला पदर खोचलेला. आतून कंट्रोल — "कोण आहे?" बाई म्हणतात, "कोणीतरी म्हातारे आहेत." मी! म्हातारे!

आतून सूचना सुरू — डावी बाही आधी, मग उजवी, केस असे नाही तसे, चहात साखर कमी. बाई 'हो ताई, हो ताई' करतायत. मी कोपऱ्यात बसलो. नळाचा दांडा जरा हलत होता, तिकडे बघत नव्हतो. "बघताय ना, काका?" नाही, म्हटलं. "बघताय." बरं, बघतोय. "पाना दिसतोय तुमच्या खिशात." असतो खिशात, त्यात काय! "घट्ट करा. पण विचारून."

चिडचिड होते या पोरीनं. घट्ट केला.


सोमवार, २० एप्रिल

आज गेलो तर कुलूप! शेजारचा स्कूटरवाला म्हणतो, "त्या सकाळपासून बाहेर आहेत. हल्ली रोजच जातात. मला तर उतार मोकळा ठेवायचा कंटाळा आला." कुठे जाते? त्याला माहीत नाही. मला सांगितलं नाही. फोन केला तर म्हणते, "कामात आहे काका, मग बोलू." मग म्हणजे कधी ते सांगितलं नाही.


सोमवार, ४ मे

कंट्रोल चाललीय. कायमची. टॅक्सी कंपनीनं दुसऱ्या शहरात कचेरी उघडलीय, तिथली मुख्य म्हणून. तास माणसाच्या नावावर असतात, खोलीच्या नाही, जिथे जाईल तिथे बरोबर येतात — हे तिनं सेक्रेटरीकडून कधीच पक्कं करून घेतलं होतं. रोज बाहेर जायची ती नव्या खोलीच्या आणि गाडीच्या व्यवस्थेसाठी. मला आज कळतंय!

मी ओरडलोच. म्हटलं, अगं पण त्या परक्या शहरात तुझं आहे कोण?

"कोणीच नाही, काका! कागदात लिहायला एकही ज्येष्ठ गृहस्थ नाही!" म्हणाली. आणि अशी हसली, अशी हसली, की मदतनीस बाई आतून बघायला आल्या.